हरलेल्या डावांची वही

गेल्या महिन्यात या सदरात मुलांच्या मोबाईलबद्दल आम्ही बरंच लिहिलं. किती वेळ द्यावा, रात्री तो कुठे ठेवावा, जेवताना दूर का असावा. पत्रं आली, बहुतेक आयांची. परळीच्या एका भगिनीने एकच ओळ लिहिली होती : 'मुलांचं झालं, आता बापांचं लिहा.' ही ओळ आमच्या घरी मोठ्याने वाचली गेली, आणि वाचणारी हसत होती. तेव्हा या महिन्यात बापांचं. म्हणजे आमचंच.

माजलगावच्या मोंढ्यात आमचं मोटारी आणि पाइपच्या सामानाचं दुकान आहे. उसाला पाणी द्यायचे दिवस असले की मान वर करायला सवड नसते. एरवी दुपारी दोन ते चार रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. बुद्धिबळ आम्हाला लहानपणापासून ठाऊक. दादाजान ओट्यावर कापडी पट पसरून बसायचे आणि आम्हाला समोर बसवायचे. त्यांचे नियम देशी होते. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जायचं. राजाला अख्ख्या डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची. आणि पलीकडे पोचलेलं प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं तोच मोहरा व्हायचं. दर वेळी वजीर मिळेल अशी चैन नव्हती.

मग २०२० चा लॉकडाऊन आला. दुकान बंद, हाती मोबाईल. तिथे नियम सगळे परदेशी. प्यादं पहिल्यांदा दोन घरं जातं, राजा-हत्ती मिळून किल्लेकोट करतात. एकदा आम्ही प्यादं दोन घरं पुढे टाकलं तर समोरच्याच्या प्याद्याने ते बाजूने, तिरकं जाऊन, मागच्या घरातून मारलं. मोबाईल फसवतोय असंच आम्हाला वाटलं. थोरल्या मुलाने सांगितलं, तसा नियमच आहे. एक महिना आम्ही त्या नियमावर रागावलेले होतो.

हे सांगायचं कारण असं की याच अडचणीतून एक फार मोठा माणूस गेला होता. मीर सुलतान खान. पंजाबातल्या मिठा टिवाणा गावचे, वडिलांकडून देशी बुद्धिबळ शिकलेले. सर उमर हयात खान यांच्या पदरी होते. १९२९ मध्ये त्यांच्याबरोबर इंग्लंडला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं. पुन्हा १९३२ आणि १९३३ मध्येही जिंकलं. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेता कापाब्लांका यालाही हरवलं. डावाच्या सुरुवातीच्या चालींचा त्यांचा पुस्तकी अभ्यास फारसा नव्हता. म्हणून सुरुवातीला ते अनेकदा मागे पडायचे. मग मधल्या खेळात आणि शेवटी, जेव्हा पटावर थोडे मोहरे उरतात तेव्हा, सगळं भरून काढायचे. सर उमर यांच्याच पदरी असलेल्या फातिमा नावाच्या तरुणीने १९३३ मध्ये ब्रिटिश महिला अजिंक्यपद मिळवलं, हे तर आपल्याकडे फारच कमी लोकांना माहीत आहे. सुलतान खान पुढे मायदेशी परतले. त्यांचं निधन १९६६ चं, आणि जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्यांना मानद ग्रँडमास्टर केलं ते २०२४ मध्ये.

आमचं मात्र असं की सुलतान खानांच्या गोष्टी आम्ही सांगायचो आणि खेळायचो तीन मिनिटांचा डाव.

हा तीन मिनिटांचा डाव म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांनी चिंचेच्या गोळ्या आठवाव्यात. एक खाल्ली की दुसरी. इशाची नमाज झाली, जेवण झालं, 'एकच' म्हणून बसायचं. जिंकलो तर हात गरम आहे म्हणून आणखी एक. हरलो तर हरून कसं झोपायचं म्हणून आणखी एक. एका रात्री ११२० वरून १००४ वर आलो आणि घड्याळात पावणेदोन झाले होते. त्या दिवशी फजर कजा झाली. त्याआधीही झाली होती. ती पहिली नव्हती हे लिहायला लाज वाटते, पण बापांचं लिहायचं ठरलं आहे.

आमची धाकटी आठवीत आहे. दादाजानचा पट नाही, पण लाकडी मोहऱ्यांचा एक डबा घरात आहे. तो घेऊन ती यायची. 'अब्बा, एक डाव?' आम्ही म्हणायचो, 'थांब, हा संपू दे.' तो संपायचा, दुसरा सुरू व्हायचा. ती मोहरे मांडून बसलेली असायची आणि मग मोहरे परत डब्यात भरायची. कधीपासून तिने विचारायचं सोडलं ते आम्हाला आठवत नाही. मुलांच्या अम्मीला आठवतं. ती म्हणते रमजानच्या आधीपासून.

पुढे एका रविवारी गृहपाठाच्या निमित्ताने मोबाईल धाकटीकडे होता. या ॲपमध्ये आपले सगळे डाव साठवलेले राहतात, चाल चाल मागे नेऊन बघता येतात. सोमवारी सकाळी चहाच्या कपाजवळ शंभर पानी वही ठेवलेली. आमचे शेवटचे हरलेले तीस डाव तिने एकेक करून पाहिले होते. शेवटच्या पानावर हिशेब होता : तेरा वेळा अब्बांना घोडा दिसला नाही. नऊ वेळा मोहरा उघडा ठेवला. चार वेळा घड्याळ संपलं. दोन वेळा नेट गेलं. दोन वेळा समोरचा खरंच चांगला खेळला.

आणि घरच्या बोलीत वर विचारलंही, 'अब्बा, तुमकू घोडा दिखताच नै क्या?'

दुकानात आम्ही उधारीच्या वहीत एक रुपया चुकू देत नाही. इथे साडेचार वर्षांत हजारो डाव खेळलो आणि एकाचाही हिशेब ठेवला नव्हता. आम्ही समजत होतो की समोरचे लोक फार तयारीचे असतात, पुस्तकं वाचून येतात. वहीप्रमाणे तिसातले दोन. आम्ही नेटला दोष द्यायचो, तेही दोनच.

नेटचं निघालंच आहे तर सांगतो. ३० ऑगस्ट २०२० रोजी ऑनलाइन ऑलिम्पियाडच्या अंतिम फेरीत भारत आणि रशिया समोरासमोर होते. नाशिकचे विदित गुजराथी आपले कप्तान. पहिला सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. दुसऱ्या सामन्यात केरळचा निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांची जोडणी मध्येच तुटली आणि वेळेवर दोघे हरले. भारताने दाद मागितली आणि दोन्ही देशांना संयुक्त विजेते ठरवलं गेलं. दिव्या तेव्हा चौदा वर्षांची होती. तीच दिव्या जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषक जिंकली, तोही अंतिम फेरीत कोनेरू हम्पी यांना हरवून, आणि त्या विजयाने थेट ग्रँडमास्टर झाली. आपल्याकडे लाइट गेली की टॉवरचीही रेंज जाते, हे खरंच. पण 'नेट गेलं म्हणून हरलो' हे वाक्य आता आमच्या घरात चालत नाही.

तर वही हातात आल्यावर काय केलं ते सांगतो. यात नवीन काही नाही, पण आम्हाला पाच वर्षं सुचलं नव्हतं.

आधी तीन मिनिटांचा डाव बंद केला. साधा हिशेब आहे. चाळीस चालींचा डाव धरला तर तीन मिनिटांत एका चालीला साडेचार सेकंद येतात. साडेचार सेकंदांत माणूस विचार करत नाही, जे हाताला येतं ते करतो. हाताला चूक बसली असेल तर रोज चुकीचाच सराव होतो. आता पंधरा मिनिटांचा डाव खेळतो, दर चालीला दहा सेकंद वाढीव मिळतात तो. त्यात एका चालीला अर्ध्या मिनिटाहून थोडं जास्त पडतं. दिवसाला फार तर दोन. पहिले आठ दिवस समोरचा विचार करत असताना आमचे पाय हलायचे.

दुसरं, वही पुढे चालू ठेवली. डाव हरला की दुसरा डाव लावायचा नाही, आधी हरलेला उघडायचा. ॲपमध्ये कॉम्प्युटर लगेच सांगतो की कुठली चाल चुकली. तो लगेच उघडायचा नाही, हे धाकटीने घातलेलं बंधन. आधी स्वतः शोधायचं : कुठल्या चालीला डाव हातून गेला, आणि त्या वेळी आपल्या मनात काय होतं? ते एका ओळीत लिहायचं. मग कॉम्प्युटरला विचारायचं. बऱ्याचदा आम्ही पंचविसाव्या चालीला बोट दाखवतो आणि कॉम्प्युटर अठराव्या चालीला. त्या सात चालींत आपण हरत होतो आणि आपल्याला पत्ता नव्हता. आमच्या वहीत 'मनात काय होतं' या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर आहे : 'माझीच चाल डोक्यात होती.'

घोडा न दिसण्याचं कारण हेच निघालं. आपण आपला हल्ला रचत असतो आणि समोरच्याचा घोडा येऊन सी-७ वर बसतो. तिथून तो ई-८ वरच्या राजाला शह देतो आणि ए-८ च्या कोपऱ्यातल्या हत्तीवरही त्याची नजर असते. राजा हलवावाच लागतो, हत्ती जातो. आमच्या तेरा डावांपैकी पाच याच घरावर गेले होते. उपाय एकच, कंटाळवाणा. समोरच्याने चाल केली की स्वतःची चाल शोधण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या. तो आता कुठे शह देऊ शकतो? काय मारू शकतो? पुढच्या चालीला काय मारायची धमकी आहे? हे तिन्ही पाहूनच बोट लावायचं. सुरुवातीला आम्ही हे ओठ हलवत म्हणायचो. दुकानातल्या पोराला वाटायचं मालक तस्बीह पढतायत.

तिसरं म्हणजे कोडी. ॲपमध्ये रोज कोडी मिळतात : अशी स्थिती आहे, दोन-तीन चालींत मात करा किंवा मोहरा जिंका. आम्ही आधी कोडीही झपाझप सोडवायचो, चाल करून बघायची, चुकली तर दुसरी. त्याचा काही उपयोग होत नाही. शेवटपर्यंत डोक्यात दिसल्याशिवाय बोट लावायचं नाही, मग दिवसाला पाच झाली तरी पुरे. हा प्रकार मोबाईलने आणलेला नाही, हे सांगायला आम्हाला आवडतं. अब्बासी काळातल्या बगदादमध्ये अल-अदली आणि त्यांच्यानंतर अस-सूली यांनी शतरंजवर ग्रंथ लिहिले, त्यात अशा रचलेल्या स्थिती होत्या. त्यांना 'मन्सूबा' म्हणत. आपण मराठीत 'काय मनसुबा आहे?' असं विचारतो तो शब्द हाच. शह आणि मातही फारसी-अरबीतूनच आले. हत्तीची मात्र गंमत आहे. अरबांचा 'फील', म्हणजे हत्ती, ज्या घरात बसायचा तिथे आपल्याकडे उंट बसतो, आणि स्पॅनिश लोक त्या मोहऱ्याला अजून 'अल्फिल' म्हणतात.

सुरुवातीच्या चाली पाठ करण्यात आम्ही वेळ घालवलेला नाही, आणि आमच्या पातळीच्या कुणी घालवू नये असं आमचं मत आहे. मधल्या घरांत प्यादी, घोडे-उंट बाहेर, राजा लवकर किल्लेकोटात, वजीर उगाच बाहेर नाही, एवढ्यावर निभावतं. चार चालींची मात मात्र प्रत्येक मुलाला ओळखता आली पाहिजे, कारण शाळेच्या स्पर्धेत अर्धी पोरं तीच मारायला टपलेली असतात. पांढरा ई-४, आपण ई-५. त्याचा उंट सी-४ वर, आपला घोडा सी-६ वर. त्याचा वजीर एच-५ वर. आता एफ-७ वर मात आहे. घाबरून दुसरा घोडा बाहेर काढला की डाव संपला. इथे जी-चं प्यादं एक घर पुढे टाकायचं, जी-६. वजिराला पळावं लागतं आणि वाटही बंद होते. वजीर एफ-३ वर जाऊन पुन्हा एफ-७ वर डोळा ठेवतो, तेव्हा घोडा एफ-६ वर. धाकटीने मोहल्ल्यातल्या चार मुलींना हे शिकवलं आहे.

डावाच्या शेवटाचं एकच उदाहरण देतो, कारण त्यातून आम्हाला जवळजवळ फुकट डाव मिळाले. दोन्ही राजे आणि आपलं एकच प्यादं उरलं, तर आपण प्यादं पळवत सुटतो. चूक. आधी राजा पुढे न्यायचा, प्याद्याच्या पुढे. पांढऱ्याचा राजा सहाव्या रांगेत पोचला आणि प्यादं त्याच्या मागे असलं, तर चाल कुणाचीही असो, प्याद्याचा वजीर होतोच. फक्त अगदी कडेच्या पट्टीतलं प्यादं असेल तर हा नियम लागू नाही. सुलतान खान लोकांना जिथे गाठायचे ती हीच जागा.

आता काही व्यवहाराचं. आम्ही लिचेस वापरतो. फ्रान्सच्या थिबो दुप्लेसी यांनी २०१० मध्ये ते सुरू केलं. ते देणग्यांवर चालतं, पैसे लागत नाहीत, जाहिराती नाहीत. चेस डॉट कॉम मोठं आहे, पण फुकट खात्यात विश्लेषणाला आणि कोड्यांना मर्यादा आहे. दोन्हीकडचे रेटिंगचे आकडे सारखे धरू नयेत. एकाच ठिकाणीही तीन मिनिटांच्या डावांचा आकडा वेगळा आणि पंधरा मिनिटांचा वेगळा. मुलामुलींचं खातं असेल तर लिचेसच्या सेटिंगमध्ये 'किड मोड' आहे तो आधी चालू करावा, म्हणजे अनोळखी माणसाचा संदेश येतच नाही. हे अम्मी-अब्बांनी स्वतः करावं, मुलांवर सोडू नये. आणि दुसऱ्या मोबाईलवर कॉम्प्युटर लावून चाली विचारणं म्हणजे तराजूत अंगठा ठेवणं. पकडले गेले की खातं जातं, पण न पकडले गेले तरी अंगठा तराजूतच असतो.

वाचकांपैकी काहींच्या मनात एव्हाना आलंच असेल, हा खेळ मुळात खेळावा का? फिक्हमध्ये यावर मतभेद आहेत. जुगार लावून खेळणं हराम, यावर दुमत नाही. त्याशिवायही हनफी, मालिकी आणि हंबली मतं कडक आहेत. इमाम शाफिई यांच्या मते पैज नसेल आणि नमाज चुकत नसेल तर तो हराम नाही, मकरूह आहे. आम्ही मुफ्ती नाही. आमच्या मशिदीतल्या मौलाना साहेबांना आम्ही विचारलं तर ते म्हणाले, 'मी तर टाळाच म्हणेन. आणि टाळत नसाल तर तुमची फजर कुठे जाते ते मला सांगू नका, स्वतःला विचारा.' त्यांना कुणी सांगितलं होतं की ते आपोआप बोलले, आम्ही विचारलं नाही. पूर्ण टाळणं आम्हाला जमलेलं नाही, तेवढी कमजोरी कबूल. पण इशानंतर मोबाईलवर डाव नाही, हे चार महिने पाळलं आहे. मोबाईल रात्री स्वयंपाकघरातल्या फळीवर असतो, मुलांच्या मोबाईलशेजारी. गेल्या महिन्यात आम्ही तुम्हाला सांगितलेली तीच फळी.

पैशाच्या खेळांचं वेगळं लिहायला हवं, ते पुढे कधीतरी. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर बंदी घालणारा केंद्राचा कायदा झाला, पण आमच्या ओळखीच्या एका घरातली जमीन त्याआधीच गहाण गेली होती. बुद्धिबळाच्या नावावर कुणी 'जिंका आणि कमवा' म्हणत असेल तर ते ॲप काढून टाका.

आकडा विचाराल तर पंधरा मिनिटांच्या डावांत आम्ही ११५० च्या आसपास स्थिरावलो होतो, आता १२९० आहोत. यात सांगण्यासारखं काही नाही. नाशिक-नागपूरची दहा वर्षांची मुलं आम्हाला जेवता जेवता हरवतील. वहीत घोड्याचा रकाना मात्र उतरला आहे. शेवटच्या वीस पराभवांत घोडा तीनदाच. आता सगळ्यात वर 'जिंकत असताना घाई केली' हा रकाना आला आहे. तो वहीत आधी नव्हताच, कारण आम्ही तिथवर पोचतच नव्हतो.

इशानंतर लाकडी मोहरे निघतात. आठवड्यातून तीन-चार रात्री, मोबाईलचं घड्याळ लावून, पंधरा-पंधरा मिनिटं. धाकटीला आम्ही पहिल्यांदा बोलावलं तेव्हा ती लगेच आली नाही. 'भांडी आवरते आधी' म्हणाली, आणि भांडी आवरायला तिने त्या दिवशी बराच वेळ घेतला. आम्ही मोहरे मांडून बसून राहिलो. ती आली तेव्हा पांढरे मोहरे तिच्याकडे वळवून ठेवले होते. ती डाव हरली, दुसऱ्या दिवशीचाही हरली, आणि आठव्या दिवशी तिने आमचा हत्ती सी-७ वरूनच नेला. आता आम्ही दहातले चार हरतो. ते चारही तिच्या अक्षरात वहीत जातात.

शाळेच्या तालुका स्पर्धेला चौदा वर्षांखालील गटात तिचं नाव दिलं आहे. त्या दिवशी दुकान बंद राहील, गिऱ्हाइकांनी आदल्या दिवशी येऊन जावं. मुलांच्या अम्मीने विचारलं आहे की दिवसभर तिथे बसून आम्ही मोबाईलवर काय करणार. तो फळीवरच ठेवून जायचं असं सध्या ठरलं आहे.